चौथा रकाना

गुरुवारी सहाला, चर्चमागच्या खोलीत
आम्ही नऊ जण बसतो.
पूर्वी इथं रविवारची शाळा भरायची.
भिंतीवर नोहाचं तारू अजून आहे,
जिराफाची मान तेवढी ओलीनं गेली.

मार्थाबाई मघाडे, मिशन दवाखान्यातून निवृत्त,
चष्मा कपाळावर,
आवाज इंजेक्शन देतानाचा:
प्रार्थना मागून. आधी वह्या काढा.

वहीत चार रकाने.
कधी. कुठं. कुणासंगं. त्याऐवजी काय.

मी लिहिलं:
पगाराचा शनिवार, साडेसात.
रोलिंग मिलच्या फाटकापासून चौफुलीपर्यंत.
एकटाच.
पुढं पेन चालेना.

तिसऱ्या गुरुवारी तिनं विचारलं, पहिला घोट कधी?
सांगायचं नव्हतं, पण सांगून बसलो.

आजोबाचा बाप्तिस्मा झाला, नाव थोमा झालं,
पण बदनापूरच्या हॉटेलात त्याचा कप
वळचणीलाच राहिला,
कान तुटलेला, ज्याचा त्यानं विसळायचा.
बापानंही तोच विसळला.
मला सोळाव्या वर्षी कुणी अड्ड्यावर नेलं
तर पाटलाच्या पोरानं अर्धा पिऊन
गिलास माझ्याकडं सरकवला.
न विसळता.
बाई, त्या दिवशी मला चढली
ती दारू नव्हती.

पंखा फिरत राहिला.
तीमथ्य हिवाळे, जो कधीच बोलत नाही,
म्हणाला, व्हय.
मार्थाबाईनं बायबल उघडलं नाही.
म्हणाली, हे दुसऱ्या रकान्यात घाल,
'कुठं'मध्ये.

मग पाळकांशी बोलून तिनं मला काम लावलं.
पहिल्या शनिवारी पगार,
पहिल्या रविवारी प्रभुभोजन.
द्राक्षारस बंद. काळे मनुके आणायचे,
साडेसातला भिजत घालायचे, उकळायचे,
कुस्करून फडक्यातून गाळायचे.
मी म्हटलं, मी? प्याल्याचं काम माझ्याकडं?
ती म्हणाली, तुझ्याइतका अनुभव
मंडळीत दुसऱ्या कुणाला आहे?
नऊही जण हसले. मीसुद्धा, उशिरा.

दोन महिने निभलं.
अनुग्रहा पातेल्यात डोकावायच्या निमित्तानं
माझं तोंड हुंगून जायची.
मला कळायचं. मी श्वास सोडायचो, मोठा.

तिसऱ्या महिन्यात मनुक्यांची पिशवी हातात घेऊन
मोंढ्यावरून निघालो
आणि पाय चौफुलीला वळले.
पिशवी टेबलावर ठेवली.
शेजारच्यानं विचारलंही नाही,
मूठभर तोंडात टाकले.
मग दुसऱ्यानं.
प्रभूचे मनुके चखणा झाले.

त्या रविवारी मंडळी रसना प्याली.
कुणी काही बोललं नाही.
शेवटच्या बाकावरची रिबका आजी तेवढी म्हणाली,
आज गोड झालंय बाई.

गुरुवारी जाणार नव्हतो.
अनुग्रहानं वही सायकलच्या कॅरिअरला अडकवली
आणि दार आतून लावून घेतलं.

सगळं लिहिलं. मार्थाबाईनं दोनदा वाचलं.
किती आणले होते?
अर्धा किलो.
खाल्ले किती?
पावाच्या वर.
मग उरलेले कुठंयत?

खिशात होते.
सहा दिवस तीच पँट, तोच खिसा,
लोखंडाची धूळ बसलेले, एकमेकांना चिकटलेले.
टेबलावर काढून ठेवले.
तिनं मोजले नाहीत. चष्मा डोळ्यांवर घेतला,
पहिल्यांदाच.
म्हणाली, हे लिहिलं नाहीस तू.

पुढच्या प्रभुभोजनाला प्याला फिरत आला.
पाळक प्रत्येकामागं कड पुसतात,
पांढऱ्या रुमालानं, आरोग्यासाठी, मला माहीत आहे,
तरी माझं लक्ष रुमालाकडंच.
मी ओठ लावले.
पाळकांचा रुमाल कडेशी येण्याआधी
तीमथ्यानं हात पुढं केला,
प्याला घेतला,
मी जिथं लावले होते तिथंच
ओठ लावून प्याला.

आजची नोंद:
शनिवार, साडेसात ते नऊ.
घर.
अनुग्रहासंगं, ती चुलीपाशी, बोलत नव्हती.
मनुके कुस्करले.
बोटं अजून काळी आहेत,
पानाला डाग पडला त्याची माफी.